औषध पाजलेल्या बल्ल्या किती टिकतील, हे कसं तपासायचं?

अंबड तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलंय: "आम्ही अकरा जण मिळून निलगिरीच्या २४० ट्रीटेड बल्ल्या (कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेले लाकडी खांब) घेतोय. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) विहिरींपर्यंत केबल न्यायची आहे, उरलेल्या कुंपणाला लावू. विकणारा म्हणतो वीस वर्षं हात लावावा लागणार नाही. त्याच्याकडे प्रयोगशाळेचा बारा आठवड्यांचा अहवालही आहे. आमची जमीन काळी, वाळवी भरपूर. अहवालावर विश्वास ठेवावा का? की साध्या बल्ल्या घेऊन घरीच जळकं ऑइल लावावं? आणि आम्हाला स्वतः काही तपासता येईल का?"

भाऊ, प्रश्न फार चांगला विचारलात, आणि पैसे देण्याआधी विचारलात. माझी सत्तावीस वर्षं लाकडाला औषध पाजण्यात आणि ते तपासण्यात गेली. आधी प्लांटवर होतो, नंतर माल घेणाऱ्यांच्या बाजूने तपासणी करत होतो. मराठवाड्यात विजेच्या मोठ्या लायनीचे खांब आता सिमेंटचे नाहीतर लोखंडीच दिसतात, पण डीपीपासून विहिरीपर्यंतची केबल आजही गावोगाव लाकडावरच उभी आहे. त्यामुळे हा विषय जुना झाला असं मला कधीच वाटलं नाही. बल्ली बुडाशी कुजून आडवी झाली आणि केबल ओल्या रानात पडली, तर जीव जातो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. औषध चांगलं आहे का, हा पहिला. ते तुमच्या बल्लीत पुरेसं आणि पुरेसं खोल गेलंय का, हा दुसरा. प्रयोगशाळेचा अहवाल पहिल्याचं उत्तर देतो. बल्ल्या मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने जातात.

आधी अहवालाचं बघू. बारा आठवड्यांची चाचणी म्हणजे लाकडाचे बोटाच्या पेराएवढे, साधारण दोन सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे घेतात. ते औषधात पूर्ण मुरवतात, वाळवून वजन करतात आणि काचेच्या बाटलीत लाकूड खाणारी बुरशी वाढवून तिच्यावर ठेवतात. बारा आठवड्यांनी पुन्हा वजन. जितकं वजन घटलं, तितकं बुरशीने खाल्लं. ही चाचणी खोटी नाही. कोणतं औषध किती तीव्रतेला बुरशी रोखतं, हे तिच्यातूनच कळतं. पण दोन सेंटिमीटरच्या ठोकळ्यात औषध आरपार जातं. चार इंच जाडीच्या बल्लीत ते किती शिरलं, हे त्या बाटलीला माहीत नसतं. शिवाय बाटलीत वाळवी नसते आणि काळी मातीही नसते. अहवाल हातात घ्याल तेव्हा एक गोष्ट जरूर बघा: ठोकळे बुरशीवर ठेवण्याआधी पाण्यात भिजवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून धुतले होते का? ते केलं नसेल तर पावसात धुऊन जाणारं औषधसुद्धा बाटलीत पहिला नंबर काढतं.

द्राक्षवाल्यांना हे लगेच पटेल. बोर्डो मिश्रणासाठी आपण मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरतो. मोरचूद बुरशीला मारतो यात शंका नाही, पण नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात बल्ली बुडवली तर दोन-तीन पावसाळ्यांत तो बराचसा मातीत उतरतो. हे कोडं आपल्याच देशात सुटलं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. क्रोमियममुळे बाकीचे दोन लाकडाच्या धाग्याला धरून बसतात, पाण्याने सुटत नाहीत. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक वाळवीला आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशीलाही. जगभर विजेच्या लाकडी खांबांना पुढे हे औषध मोठ्या प्रमाणावर लागलं. आपल्याकडे त्याला सीसीए म्हणतात आणि तुमच्या बल्ल्यांवरची हिरवट छटा बहुधा त्याचीच असणार. आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेलं सीसीबीही मिळतं, पण त्यातला बोरॉन ओल्या मातीत टिकत नाही. म्हणून जमिनीत गाडायच्या बल्लीला मी सीसीबी सुचवत नाही. कोणतं औषध आहे ते बिलावर नावानिशी लिहून घ्या. "केमिकल ट्रीटमेंट" एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत.

आता बल्लीकडे येऊ. निलगिरीचं खोड आडवं कापलं की बाहेरून पांढरट कडं दिसतं आणि आत लालसर गाभा. दाबाखाली औषध शिरतं ते या पांढऱ्या लाकडात. गाभा औषध पीतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे पांढरं लाकूड पूर्ण भरलेलं असणं आणि ते कडं कुठेही तुटलेलं नसणं, यावर सगळं अवलंबून आहे. ते कडं म्हणजे बल्लीची तटबंदी.

हे मी परभणीकडच्या एका शेतात डोळ्यांनी पाहिलं. लावून जेमतेम चौथं वर्ष चालू असलेल्या बल्ल्या, बाहेरून हिरव्यागार, हात फिरवला तर गुळगुळीत. कुंपणाच्या रांगेतून चालत मी कोयत्याच्या मुठीने एकेक वाजवत गेलो. चांगली बल्ली ठण्ण वाजते. सहावी भद्द वाजली. बुडाशी हातभर उकरलं तर बाहेरचं कडं शाबूत आणि आत गाभ्याच्या जागी मातीच माती, वाळवीने लिंपून ठेवलेली, अगदी ओली. खालचं टोक बाहेर काढल्यावर कारण कळलं. बल्ल्या आल्यानंतर मजुरांनी ठोकायला सोपं जावं म्हणून कुऱ्हाडीने टोकं तासली होती. तासताना तटबंदी गेली आणि गाभा उघडा पडला. वाळवीला दारच मिळालं, ती खालून आत शिरून वर गेली. औषध चांगलं होतं, प्लांटनेही काम चोख केलं होतं. शेतात आलेल्या एका कुऱ्हाडीने सगळं वाया गेलं. म्हणून टोक करणं, बोल्टची भोकं पाडणं, खाचा मारणं हे सगळं औषध पाजायच्या आधी करून घ्या. नंतर कापावंच लागलं तर ते टोक वर ठेवा, जमिनीत नको.

तुमच्या २४० बल्ल्यांसाठी मी काय करीन ते सांगतो. विकणाऱ्याला आधीच सांगा की यातल्या चार बल्ल्या आम्ही कापून बघणार, आणि त्या आम्ही निवडणार. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही. टोकाजवळ कापू नका, कारण टोकातून औषध खूप आत शिरतं आणि दिसायला सगळं छान दिसतं. बुडापासून दीड-दोन फुटांवर कापा. जमिनीत जाणारा आणि सगळ्यात आधी कुजणारा भाग तोच. कापलेलं तोंड वाळू द्या आणि त्यावर क्रोम अझुरॉल एस नावाच्या रंगद्रव्याचं पाणी फवारा. संभाजीनगरला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. अर्धा ग्रॅम रंगद्रव्य आणि ५ ग्रॅम सोडियम ॲसिटेट, मिळून अर्धा लिटर पाणी. जिथे तांबं आहे तिथे गडद निळा रंग येतो, जिथे नाही तिथे तांबूस-नारिंगी राहतो. काही मिनिटांत नकाशा तुमच्यासमोर. पांढरं कडं सगळीकडे निळं झालं पाहिजे. निळं फक्त सालीखाली दोन-चार मिलिमीटर असेल, तर बल्ली नुसती बुडवून काढलेली आहे, तिला दाबाखाली औषध दिलेलं नाही. एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला तुटक असेल, तर लाकूड ओलं असतानाच टाकीत घातलं. ओल्या लाकडात आधीच पाणी भरलेलं असतं, औषधाला जागा कुठून मिळणार?

हा रंग औषध कुठपर्यंत पोचलं ते सांगतो, किती पोचलं ते सांगत नाही. अगदी थोडं तांबं असलं तरी निळं होतं. किती आहे हे कळायचा सगळ्यात सोपा मार्ग वजनाचा आहे, आणि त्यासाठी तुम्हाला प्लांटवर जावं लागेल. दहा बल्ल्यांवर नंबर टाका, टाकीत जाण्याआधी तोला, बाहेर आल्यावर निथळल्या की पुन्हा तोला. समजा ८ फुटी, ४ इंची बल्ली ४ किलोने जड झाली आणि द्रावण ४ टक्क्यांचं होतं. म्हणजे तिच्यात १६० ग्रॅम औषध गेलं. अशा बल्लीचं घनफळ साधारण ०.०२ घनमीटर भरतं. भागाकार केला की घनमीटरला सुमारे आठ किलो. जमिनीत गाडायच्या साध्या खुंटांना अमेरिकेतल्या मानकात सीसीए ६.४ किलो मागतात आणि विजेच्या खांबांना ९.६. ते आकडे पांढऱ्या लाकडाच्या ठरावीक जाडीतले आहेत, पूर्ण बल्लीवर भागलेले नाहीत, म्हणून तुलना तंतोतंत नाही. तरी अर्धाच लिटर प्यायलेली बल्ली आणि चार लिटर प्यायलेली बल्ली यातला फरक यातून लपत नाही. द्रावण खरंच ४ टक्के होतं का, हे प्लांटवरच्या हायड्रोमीटरने (द्रावणाची घनता मोजणाऱ्या नळीने) तुमच्यासमोर मोजायला सांगा. आणखी खात्री हवी असेल तर पोकळ गिरमिटाने वीसेक बल्ल्यांतून पेन्सिलीएवढे नमुने काढून, एकत्र करून प्रयोगशाळेला द्यायचे. आयएस २७५३ या भारतीय मानकात त्याची पद्धत दिलेली आहे. गिरमिटाची भोकं औषधात मुरवलेल्या खुंटीने बंद करायची, हे विसरू नका.

औषध धागा धरून बसलंय की नुसतं ओलं आहे, हेही बघावं लागतं. टाकीतून निघालेला माल दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये भरून देणारे आहेत. उन्हाळ्यात दोन आठवडे, थंडीत महिनाभर तरी तो छपराखाली राहायला हवा. शंका आली तर बल्लीचा थोडा भुसा काढून रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवा, सकाळी पाणी गाळून त्यात अमोनियाचे काही थेंब टाका. पाणी गडद निळं झालं तर तांबं सुटं आहे. तो माल घेऊ नका.

निलगिरीबद्दल एक जास्तीची गोष्ट. ही कठीण लाकडाची जात आहे. हिच्या जाड धाग्यांच्या भिंतीत औषध सारखं पसरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सीसीए दिलेले निलगिरी जातीचे विजेचे खांब जमिनीलगत वेळेआधी मऊ पडू लागल्याचं १९७० च्या दशकात लक्षात आलं. बाहेरच्या थरातच कूज होती, तीही औषध असलेल्या लाकडात. म्हणून पाइनच्या खांबावरून आलेला "वीस वर्षं" हा आकडा निलगिरीला लावता येत नाही. विकणाऱ्याला विचारा, ही वीस वर्षं कुठल्या लाकडावर आणि कुठल्या मातीत मोजली?

मातीमुळे फार फरक पडतो. काळी माती पावसाळ्यात फुगून बुडाला घट्ट धरते आणि ओल सोडत नाही. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, त्यातून हवा आणि वाळवी दोन्ही खाली उतरतात. बुरशीला लाकडात ओल लागते आणि हवाही लागते, आणि बल्लीच्या बुडाशी वर्षातले कितीतरी महिने या दोन्ही एकत्र मिळतात. जमिनीच्या वरच्या लाकडाचा कुजण्याचा धोका मोजायला शेफर या अमेरिकी संशोधकाचं १९७१ चं एक सूत्र आहे. महिन्याच्या सरासरी तापमानातून २ वजा, पावसाच्या दिवसांतून ३ वजा, दोन्हींचा गुणाकार. बारा महिन्यांची बेरीज करून १६.७ ने भागायचं. समजा जुलैत सरासरी २६ अंश आणि पावसाचे १५ दिवस, तर २४ गुणिले १२, म्हणजे २८८. पावसाचे दिवस तीन किंवा कमी असले की त्या महिन्याचे शून्य धरायचे, म्हणून एप्रिल-मे शून्य. तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे घालून बघा. माझ्या अंदाजाने जालन्याकडे ते मध्यम पट्ट्यात येईल, कोकणात कितीतरी वर जाईल. वरच्या भागाची आपल्याला तितकी चिंता नाही. आपली बल्ली जाते ती जमिनीलगतच्या फूटभर पट्ट्यात, आणि तिथे बुरशीच्या बरोबरीने वाळवी.

म्हणूनच तुमची स्वतःची शेतातली चाचणी मला कुठल्याही अहवालापेक्षा मोलाची वाटते. तिला दोन-तीन वर्षं लागतील, या हंगामाच्या खरेदीला ती उपयोगी नाही. पण तुम्ही अकरा जण आहात, पुढची खरेदी होणारच. बल्लीच्या बुडाकडचे दोन-दोन फुटांचे तुकडे घ्या, मूळ टोक जमिनीत जाईल असे अर्धे गाडा. वरच्या कापलेल्या तोंडावर पत्र्याची टोपी. दहा तुकडे औषधाचे, दहा त्याच जातीच्या आणि त्याच जाडीच्या साध्या बल्लीचे, दहा जळक्या ऑइलचे. ठोकलेल्या नंबराचा ॲल्युमिनियमचा बिल्ला लावा, रंग उडतो. कुठे कोणता गाडायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर सगळे साधे तुकडे नेमके वारुळाजवळ जातात आणि निकाल फसवा येतो. एक संच पाटाच्या कडेला, एक कोरडवाहू बांधावर. आयएस ४८३३ मध्ये याच प्रकारची चाचणी आहे. इंग्रजीत तिला कबरस्तानाचं नाव आहे, कारण रांगेने रोवलेल्या खुंट्या तशाच दिसतात.

यातले साधे तुकडे सगळ्यात महत्त्वाचे. लोकांना वाटतं ते उगाच जागा अडवतात. मी हे चुकून शिकलो. २०१४ च्या जूनमध्ये लातूर भागात एका कोरडवाहू बांधावर मी अशी चाचणी लावली. दोन वर्षांनी उपटलं तेव्हा औषधाचे तुकडे अखंड निघाले. मी खूश होऊन अहवाल लिहायला बसलो, मग साध्या तुकड्यांची पानं उलटली. दहापैकी आठ तेही जवळपास अखंड होते. २०१४ आणि २०१५ चे दोन्ही पावसाळे गेले होते, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या मातीत बुरशीला काही करायला ओलच नव्हती. औषधाने काहीच सिद्ध केलं नव्हतं, कारण त्याची परीक्षाच झाली नव्हती. तो अहवाल मी पाठवला नाही. चाचणी तशीच पुढे चालू ठेवली, आणि नंतरच्या पावसांत साधे तुकडे एकामागून एक मोडले तेव्हाच औषधाच्या तुकड्यांबद्दल बोलायला लागलो. साधा तुकडा कुजेपर्यंत थांबायचं.

जळक्या ऑइलचं विचारलंत. ते वरवर राहतं, आत जात नाही, पहिल्या उन्हाळ्यात लाकूड तडकलं की चिरेतून वाळवी सरळ आत. वर त्यातली धातूची घाण तुमच्याच मातीत उतरते. बुंधा आगटीत भाजून काळा करण्याची जुनी पद्धतही मी तपासली आहे, फार फरक पडत नाही. डांबर थोडं मदत करतं, पण औषध दिलेल्या बल्लीवरून, जमिनीलगतच्या पट्ट्यात. साध्या लाकडावर लावलं तर आतली ओल आतच कोंडते.

सीसीएच्या बाबतीत सावधगिरी मनापासून सांगतो, कारण यात आर्सेनिक आहे. बल्ल्या हाताळताना हातमोजे घाला. गव्हाण किंवा गोठ्याच्या आतली आडवी लाकडं याची करू नका, जनावरं चाटतात. मोडलेला तुकडा, करवतीचा भुसा, काहीही चुलीत किंवा हुरड्याच्या आगटीत जाता कामा नये. धुरात आणि राखेत आर्सेनिक येतं, आणि ती राख आपण भांडी घासायला नाहीतर उकिरड्यावर टाकायला नेतो. घरातल्या बायकांना आणि सालगड्यांना हे आधी सांगून ठेवा. हिरवट, सुकं, सरळ लाकूड दिसलं की जळणाला उचललं जातंच. केबल टाकण्याचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडून आणि महावितरणला कळवूनच करा.

शेवटी, चाचणीसाठी गाडलेल्या त्या खुंट्या वर्षातून दोनदा बघा: दिवाळीनंतर ओल असताना आणि मृगाच्या आधी. दहापैकी गुण द्या. अखंड तर १०, जरा मऊ तर ९, स्क्रूड्रायव्हर सहज रुतला तर ७ किंवा ६, अर्धा खाल्ला तर ४, हलक्या धक्क्याने मोडला तर ०. गुण देणारा माणूस दर वेळी तोच असू द्या. आणि पहिली खुंटी उपटाल तेव्हा तिची माती लगेच झटकू नका. आधी नीट बघा, वाळवीच्या मातीच्या नळ्या कुठून चढल्यात. बाहेरून चढल्या असतील तर औषध कमी पडलंय. खालच्या टोकातून आत शिरल्या असतील तर त्या टोकाला कुणी कुऱ्हाड लावली होती का, ते घरी विचारा.